एम.ए. इतिहास: वर्गातला आणि दफ्तरातला

इतिहासाचे एम.ए. महाराष्ट्रात दोन वर्षांचे, चार सत्रांचे असते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण राज्यात २०२३-२४ पासून पदव्युत्तर वर्गांना लागू झाले, तेव्हापासून त्याची मांडणी श्रेयांकांत होते: सत्राला साधारण २२, एकूण ८८. पहिल्या सत्रात संशोधनपद्धतीचा पेपर सक्तीचा, दुसऱ्यात क्षेत्रकार्य किंवा प्रत्यक्ष कामाचा अनुभव, तिसऱ्या-चौथ्या सत्रांत संशोधन प्रकल्प. वर्षभरानंतर थांबायचे असेल तर पदव्युत्तर पदविका हाती पडते. चार वर्षांची ऑनर्स पदवी करून आलेल्याला एम.ए. एकाच वर्षात पुरे करता येते. ही झाली कागदावरची चौकट. तिच्या आत काय शिकवले जाते आणि काय ज्याचे त्याने बाहेरून मिळवायचे असते यात बरेच अंतर आहे, आणि या पदवीची गोडी व अडचण दोन्ही त्या अंतरातच आहेत.

वर्गात बसणाऱ्यांचे हेतू एकसारखे नसतात. एमपीएससी-यूपीएससीची तयारी करणारे पुष्कळ असतात; विषयाचा अभ्यासही होतो आणि वसतिगृहाची खोली व ग्रंथालयाचे कार्डही मिळते. काही जण शाळेत नोकरी करता करता इग्नू किंवा मुंबई विद्यापीठाच्या दूरशिक्षणातून बाहेरून परीक्षा देतात. काही गडकोट पालथे घालून, कादंबऱ्या आणि पोवाड्यांवर वाढून आलेले असतात. पहिल्या महिन्यातच सर्वांत जास्त गोंधळ उडतो तो या शेवटच्या मंडळींचा. त्यांना लढाया तोंडपाठ असतात, आणि वर्गात चर्चा चालते देशमुखी वतनाची, सारावसुलीची, गावगाड्यातल्या बलुत्यांची. अफझलखानाच्या प्रसंगाला एक तास आणि अण्णाजी दत्तोंच्या जमीनमोजणीला आठवडा, हा हिशोब पचायला वेळ लागतो. जे टिकतात, त्यांना पुढे मोजणीतच रस वाटू लागतो.

पुरावा तोलायचा कसा, हे या पदवीचे मर्म, आणि ते शिकवायला शिवजन्माच्या तिथीइतके चांगले उदाहरण मराठी वर्गाला दुसरे नाही. उत्तरकालीन बखरींच्या आधारे शिवाजी महाराजांचा जन्म शके १५४९ च्या वैशाखात, म्हणजे १६२७ साली झाला, असे दीर्घकाळ धरले जात होते. १९१६ मध्ये लोकमान्य टिळकांनी जेधे शकावली उजेडात आणली. मावळातल्या जेधे देशमुखांच्या घराण्यातली ही टिपणवही. तिच्यात जन्म फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ असा नोंदलेला निघाला, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. महाराजांच्या हयातीत लिहिलेल्या कवींद्र परमानंदाच्या संस्कृत ‘शिवभारता’तही तीच तिथी सापडली, आणि राजस्थानात मिळालेल्या एका जन्मकुंडलीनेही तिला दुजोरा दिला. राज्य सरकारने २००१ मध्ये ही तारीख अधिकृत मानली. (जयंती तिथीने करायची की तारखेने, हा वाद निराळा, त्याचा इतिहासाशी फारसा संबंध नाही.)

एम.ए.च्या विद्यार्थ्याने यातून १९ फेब्रुवारी पाठ करणे अपेक्षित नसते, ती त्याला बालवाडीपासून माहीत असते. शकावलीचे वजन बखरीपेक्षा जास्त का, हे त्याने सांगायचे असते. बखर कोणीतरी कोणाच्या तरी आज्ञेवरून, बहुधा घटनेनंतर बऱ्याच काळाने, वाचणाऱ्याला आवडेल अशा ढंगात लिहिलेली असते. शकावलीतल्या नोंदी रुक्ष, एकेका ओळीच्या. त्यात सजवून सांगण्याला वाव कमी. वाराचा उल्लेख असेल तर पंचांगाच्या गणिताने तो तपासता येतो. आणि एकमेकांशी संबंध नसलेली साधने एकाच तिथीवर येतात, तेव्हा तिचे बळ वाढते. अर्थात बखर म्हणजे टाकाऊ असेही नाही. सभासदाने आपली बखर राजाराम महाराजांसाठी जिंजीत लिहिली. महाराजांना पाहिलेल्या माणसाचे ते लेखन आहे. सनांसाठी ती कच्ची ठरेल. पण राज्यकारभाराची घडी, हुद्दे, गडांची व्यवस्था यांविषयी ती जे सांगते ते सहसा दुसरीकडे मिळत नाही. कोणते साधन कशासाठी चालेल आणि कशासाठी नाही, हा विवेक दोन वर्षांत अंगी बाणला तर एम.ए. कारणी लागले म्हणायचे.

इतिहासलेखनशास्त्राचा पेपर विद्यार्थ्यांत सर्वांत धास्तीचा. त्यात जर्मन इतिहासकार रांके येतो, ज्याने दफ्तरखान्यातल्या मूळ कागदांना आणि त्यांच्या छाननीला विद्यापीठीय इतिहासाचा पाया मानले. मार्क्सवादी इतिहासलेखन येते. १९२९ मध्ये मार्क ब्लॉक आणि ल्युसियँ फेव्र यांनी सुरू केलेल्या ‘आनाल’ नियतकालिकाभोवती उभी राहिलेली फ्रेंच परंपरा येते. राजांच्या कारकिर्दींऐवजी हवामान, पिके, लोकसंख्या, माणसांची मानसिकता असे लांब पल्ल्याचे विषय तिने पुढे आणले. इ. एच. कार यांचे १९६१ चे ‘व्हॉट इज हिस्टरी?’ येते, आणि रणजित गुहा यांच्या संपादनाखाली १९८२ पासून निघालेले ‘सबाल्टर्न स्टडीज’चे खंडही. हे सगळे बाजारातल्या गाइडांतून पाच-पाच मुद्द्यांत उतरलेले असते. मूळ पुरावा वाचा असे सांगणाऱ्या रांकेवरचे उत्तर त्याची एक ओळही न वाचता लिहिता येते, आणि त्याला बऱ्यापैकी गुणही मिळतात.

हा पेपर जिवंत करायचा तर युरोपातून एकदम उडी मारून घरी यावे लागते. महात्मा फुल्यांनी १८६९ मध्ये शिवाजी महाराजांवर पोवाडा रचला आणि त्यांना शूद्र शेतकऱ्यांचा राजा म्हणून उभे केले. न्यायमूर्ती रानड्यांनी १९०० मध्ये मराठी सत्तेच्या उदयावर पुस्तक लिहिले. त्यांच्या मते संतांच्या चळवळीने जातींमधली दरी काहीशी सांधली, लोकभाषेला मान दिला आणि स्वराज्यासाठी जमीन तयार केली. वि. का. राजवाड्यांना हे मान्य नव्हते. त्यांच्या लेखी वारकरी संतांनी समाजाला निवृत्त आणि सोशीक केले, जागे केले ते रामदासांनी. पुढे गोविंद पानसऱ्यांनी ‘शिवाजी कोण होता?’ या १९८८ च्या छोट्या पुस्तकात रयतेचा राजा हा धागा पुन्हा हाती घेतला आणि ते पुस्तक घराघरांत गेले. एकच काळ, बव्हंशी तेच कागद, आणि चार जणांनी लावलेले चार अर्थ. प्रत्येकाने कोणता पुरावा पुढे ठेवला, कोणता मागे सारला आणि तो स्वतः कोणत्या काळात, समाजाच्या कोणत्या पायरीवर उभा राहून लिहीत होता, हे उलगडून दाखवणे म्हणजे इतिहासलेखनशास्त्र. त्याला पाच मुद्दे पुरत नाहीत.

महाराष्ट्रात इतिहास-संशोधनाची परंपरा विद्यापीठाच्या वर्गात जन्मलेली नाही, ही गोष्ट या पदवीचे आजचे रूप समजून घ्यायला महत्त्वाची आहे. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाले ते परीक्षा घेणारी आणि पदव्या देणारी संस्था म्हणून. शिकवण्याचे काम महाविद्यालयांकडे होते. रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर ही मंडळी १८६२ च्या पहिल्या बी.ए. तुकडीतली, रानडे १८६४ मध्ये एम.ए. झाले. तेव्हाचे एम.ए. म्हणजे नेमलेली पुस्तके आणि लेखी परीक्षा. विद्यापीठांनी स्वतः शिकवावे, संशोधन करावे ही तरतूद आली ती १९०४ च्या कायद्याने. तोवर इकडे राजवाडे गावोगाव हिंडून वाड्यांच्या माळ्यांवरचे, तळघरांतले, कधी वाण्याच्या दुकानात पुड्या बांधायला निघालेले कागद गोळा करू लागले होते. त्यांची पदवी बी.ए.ची. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला. एकूण खंड बावीस. पटवर्धनी दफ्तर लावणारे वासुदेवशास्त्री खरे मिरजेला शाळामास्तर होते. रियासतकार सरदेसाई बडोद्याच्या गायकवाडांच्या नोकरीत होते. राजवाडे आणि खं. चिं. मेहेंदळे यांनी १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ काढले. त्याच मंडळाच्या अंगणात १९३५ मध्ये जी अखिल भारतीय परिषद भरली, तिच्यातून पुढे इंडियन हिस्टरी काँग्रेस उभी राहिली.

विद्यापीठीय बाजूही हळूहळू भरत गेली. स्पॅनिश जेझुइट फादर हेन्री हेरास यांनी १९२६ मध्ये मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात इतिहास संशोधन संस्था सुरू केली आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांकडून शिलालेख, नाणी, मूळ कागद यांवर काम करून घेतले. पुण्याचे डेक्कन कॉलेज १९३९ मध्ये पदव्युत्तर व संशोधन संस्था म्हणून पुन्हा उघडले. तिथे ह. धी. सांकलियांनी पुरातत्त्वाची शाळाच घडवली आणि त्र्यं. शं. शेजवलकर मराठ्यांचा इतिहास शिकवू लागले. पुणे विद्यापीठ १९४९ चे. तिथल्या इतिहास विभागाचे अ. रा. कुलकर्णी यांनी शिवकाळाच्या आर्थिक-सामाजिक बाजूवर जे काम केले, त्यावर आजचे कित्येक अभ्यासक्रम उभे आहेत. तरीही मंडळ एकीकडे आणि विद्यापीठ दुसरीकडे, अशी विभागणी राहिलीच. सिद्धान्त, वाद, इंग्रजी ग्रंथ हे विद्यापीठाकडे. कागद, लिप्या, तिथ्या हे मंडळाकडे. मराठ्यांच्या इतिहासात काम करू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला आजही दोन्ही दारे वाजवावी लागतात, आणि दुसऱ्या दाराचा पत्ता अभ्यासक्रमात ठळकपणे छापलेला नसतो.

त्या दाराची किल्ली म्हणजे मोडी. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मराठीचा दैनंदिन व्यवहार या लिपीत होत होता. पुण्याच्या पेशवे दफ्तरात कापडी रुमालांत बांधलेले कोट्यवधी कागद आहेत, आणि त्यांतले बहुतेक मोडी. सरदेसायांनी १९३० ते १९३४ या काळात त्यांतून निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड छापले; तो भला थोरला ढीग दफ्तराच्या मानाने वानवळाच म्हणायचा. पुष्कळ विद्यापीठांत मोडी ऐच्छिक विषय असतो किंवा निराळा प्रमाणपत्र अभ्यासक्रम. राज्याचे पुराभिलेख संचालनालय थोड्या दिवसांचे प्रशिक्षण वर्ग घेते, भारत इतिहास संशोधक मंडळातही वर्ग चालतात. मुळाक्षरे आठवड्याभरात येतात. त्यानंतरचा अवघड भाग मात्र सरावाचा आहे.

मोडीत आधी आडवी रेघ ओढतात आणि मग अक्षरे तिला लोंबत जातात. लेखणी शक्यतो उचलायची नाही, त्यामुळे शब्द कुठे संपला ते दिसत नाही. वाक्य कुठे संपले तेही नाही. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. शिवकालीन वळण वेगळे, पेशवेकालीन वेगळे. इंग्रजी अमदानीत टाकाने लिहिलेली मोडी इतकी धावती की पेशवेकालीन कागद सराईतपणे वाचणाराही तिथे अडखळतो. शिवाय संक्षेप. ‘मौ’पुढे दोन उभ्या रेघा म्हणजे मौजे, ‘क’पुढे म्हणजे कसबे, ‘प’पुढे परगणे. पत्राचा साचा ठरलेला असल्याने नवशिक्या त्याला धरून चालतो: वर श्री, मग मायना, ‘विनंती उपरी’, मजकूर, शेवटी शिक्का. मायन्यावरून लिहिणाऱ्याचा आणि ज्याला लिहिले त्याचा दर्जा कळतो, म्हणून जुनी जाणती मंडळी मजकुराआधी मायना वाचायला सांगतात.

अक्षर लागले की तारीख आडवी येते. १४ जानेवारी १७६१ या पानिपतच्या दिवसाचेच पाहावे. त्या सुमाराच्या मराठी कागदावर इसवी सन शोधून सापडायचा नाही. शक असेल तर १६८२, हिजरी सन असेल तर ११७४, आणि पेशव्यांच्या दफ्तरी रिवाजाप्रमाणे शुहूर सन, तोही आकड्यांत नव्हे तर अरबी शब्दांत: ‘इहिदे सितैन मया व अलफ’. इहिदे म्हणजे एक, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार. एकंदर ११६१. शुहूर सन मृग नक्षत्र लागताच बदलतो, म्हणून मृगापासून डिसेंबरपर्यंतच्या कागदाला ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंतच्या कागदाला ६००. जानेवारीतला कागद असेल तर १७६१ बरोबर येते. त्याला चुकून ५९९ मिळवले तर पानिपत वर्षभर आधी होऊन बसते. तिथीपुढचा ‘छ’ म्हणजे चंद्र, त्यापुढे मुसलमानी महिन्याचे नाव. जुन्या पिढीतल्या संशोधकांनी शक, शुहूर, हिजरी, फसली आणि इसवी यांचा मेळ घालणाऱ्या जंत्र्या तयार करून ठेवल्या आहेत. आता संगणकावरही हे रूपांतर होते. पण कागदावर फक्त तिथी असेल, सन नसेलच, तर मजकुरातल्या माणसांवरून आणि घटनांवरून साल काढावे लागते, आणि तिथे जंत्री कामाची नाही.

मोडीने काम भागते असेही नाही. मोगल आणि आदिलशाही बाजूचे कागद फारसीत. ग. ह. खरे आणि सेतुमाधवराव पगडी यांनी त्यांतले पुष्कळसे मराठीत आणले नसते, तर सतराव्या शतकाचा अर्धा पट मराठी वाचकाला बंदच राहिला असता. कोकणपट्टी आणि वसई यांच्यासाठी पोर्तुगीज हवी. गोव्याचे दफ्तर १५९५ मधले, दियोगु दु कोतु हा त्याचा पहिला दफ्तरदार. विसाव्या शतकात पांडुरंग पिसुर्लेकरांनी त्यातून पोर्तुगेज-मराठे संबंधांचा इतिहास उभा केला. तंजावरच्या भोसल्यांचे मोडी कागद तमिळनाडूत आहेत. इंग्रजांच्या सुरत-मुंबईच्या वखारींचा पत्रव्यवहार इंग्रजीत आहे, पण सतराव्या शतकातल्या इंग्रजीत, जिथे मराठी नावांची वर्णलेखने ओळखणे हीच एक परीक्षा असते. एम.ए.च्या दोन वर्षांत यांतली एखादी भाषा जेमतेम सुरू होते.

म्हणूनच बहुतेक विद्यार्थी प्रकल्पासाठी एकोणिसावे-विसावे शतक निवडतात. तिथे कागद इंग्रजीत आणि छापील मराठीत मिळतो. विषयांचे साचे ठरलेले आहेत: अमुक तालुक्यातला स्वातंत्र्यलढा, तमुक संस्थान, एखाद्या नेत्याचे कार्य. यांतून चांगले काम होत नाही असे नाही, पण ‘जीवन व कार्य’ या शीर्षकाखाली गौरवग्रंथच तयार होण्याचा धोका मोठा. विषय कसा आवळत न्यायचा, हे मार्गदर्शकाकडून शिकण्यासारखे सर्वांत मोलाचे कसब.

समजा, एखाद्या विद्यार्थिनीने ‘महाराष्ट्रातील दुष्काळ’ असा विषय मांडला. पहिल्या बैठकीत तो १८७६-७८ च्या दुष्काळावर येतो, दुसऱ्या बैठकीत पुणे जिल्ह्यावर, आणि महिन्याभराने ‘इंदापूर तालुक्यातील दुष्काळी कामे व मजुरी’ एवढाच उरतो. तिला वाटते, एवढ्याशा विषयावर शंभर पाने भरायची कशी? आणि मग ती मुंबईच्या पुराभिलेखागारात जाते. एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीतले हे दफ्तर १८२१ चे. मार्गदर्शकाचे पत्र द्यायचे, अर्ज भरायचा, यादीतून महसूल खात्याचे त्या वर्षांचे खंड शोधायचे, चिठ्ठी लिहून द्यायची आणि थांबायचे. खंड येतो तो जाड, कडा झडलेला. पान उलटताना बोटाला भुगा लागतो. पेन चालत नाही, पेन्सिल चालते. पहिल्या दिवशी हाती काहीच लागत नाही. कलेक्टराने कमिशनरला लिहिले, त्याने सरकारला लिहिले, सरकारने ‘नोंद घेतली’ असे लिहिले, एवढेच.

हळूहळू त्या लिखापढीतून माणसे दिसू लागतात. १८७७ च्या आरंभी दुष्काळाच्या पाहणीसाठी भारत सरकारने धाडलेले प्रतिनिधी सर रिचर्ड टेंपल यांच्या सल्ल्याने दुष्काळी कामांवरच्या मजुरीतले धान्य घटवून प्रौढाला दिवसाला रत्तलभर या मापावर आणले गेले, आणि दख्खनमधल्या मजुरांनी कामे सोडली. सरकारी कागद त्याला हट्ट किंवा चिथावणी म्हणतो. तीच घटना पुणे सार्वजनिक सभेच्या निवेदनांत उपासमारीविरुद्धची तक्रार असते. सभेने ठिकठिकाणच्या माणसांकडून माहिती मागवून सरकारला अर्जांवर अर्ज धाडले होते. ‘ज्ञानप्रकाश’ काय म्हणतो, त्याच वर्षी निघालेला सत्यशोधकांचा ‘दीनबंधु’ काय म्हणतो, हे पाहावे लागते. १८८५ चे पुणे जिल्ह्याचे गॅझेटियर झाल्या प्रकाराचा सरकारी गोषवारा देते, आणि त्यातला शांत सूर फायलींतल्या धावपळीशी जुळत नाही. सभेची माणसे शहरातली, शिकलेली, बहुतेक उच्चवर्णीय. खडी फोडणारी बाई यांपैकी कुठल्याच कागदावर स्वतःच्या शब्दांत बोलत नाही. तिची मजुरी, तिचे काम सोडणे आणि तिच्या मुलाला मिळणारा भत्ता एवढेच दुसऱ्याच्या हस्ताक्षरात उरलेले असते. या पुराव्यावर तिच्याविषयी किती म्हणता येईल, हाच त्या शंभर पानांचा विषय होतो. पाने पुरत नाहीत अशी तक्रार तेव्हा उलट दिशेने सुरू होते.

जिथे कागद गप्प, तिथे माणसांना विचारता येते, पण फक्त जवळच्या काळापुरते. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावातल्या कामगारांच्या, त्यांच्या बायकांच्या, कार्यकर्त्यांच्या मुलाखतींवर २००४ मध्ये जे पुस्तक सिद्ध केले, ते मौखिक इतिहासाचा नमुना म्हणून अनेक वर्गांत सांगितले जाते. आठवण ही काही ध्वनिमुद्रण नव्हे. १९८२ च्या गिरणी संपाविषयी वीस वर्षांनी बोलणारा माणूस संपाबरोबरच मधल्या वीस वर्षांविषयीही बोलत असतो. ते वेगळे करण्याचे शिक्षण लागते. पायी हिंडण्याचाही एक धडा आहे. दामोदर धर्मानंद कोसंबी पेशाने गणिती; पण पुण्याच्या आसपासच्या टेकड्या, लेणी, म्हसोबा-वेताळाची ठाणी आणि धनगरांच्या वाटा तुडवून त्यांनी प्राचीन भारतावर जे लिहिले, त्याला वगळून इतिहासाचा अभ्यासक्रम करता येत नाही.

लिहिण्याची भाषा हा वेगळाच तिढा. मुंबई, पुणे, कोल्हापूर, नागपूर, छत्रपती संभाजीनगर अशा बहुतेक विद्यापीठांत उत्तरे आणि प्रकल्प मराठीत लिहिता येतात. ग्रामीण भागातून आलेल्या विद्यार्थ्यांमुळेच हे वर्ग भरलेले असल्याने ही सोय नसती, तर निम्मे विभाग ओस पडले असते. साधनग्रंथ मराठीत उदंड आहेत. सिद्धान्तावरची, जगाच्या इतिहासावरची आणि ताज्या संशोधनाची पुस्तके मात्र इंग्रजीत. मराठी विद्यार्थी ती टाळतो किंवा भाषांतरित टाचणांवर भागवतो. उलट दिल्ली-लंडनमध्ये बसून मराठ्यांवर लिहिणाऱ्या कोणाला मराठी संशोधकांचे सगळे काम वाचायला सापडतेच असे नाही. ज्याला दोन्हीकडचे वाचता येते, अशा विद्यार्थ्याला या क्षेत्रात मोकळे रान आहे, आणि असे विद्यार्थी कमी आहेत.

तळटीप देण्याची शिस्त प्रकल्पात पहिल्यांदा लागते. कोणते दफ्तर, कोणते खाते, साल, खंड, पान, एवढे लिहिले की वाचणारा तोच कागद काढून लेखकाला खोटे पाडू शकतो. तळटीप असते ती त्याचसाठी. उचलेगिरीवर आता संगणकाची नजर असते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार दहा टक्क्यांपर्यंतचे साम्य चालते, त्यापुढे दंडाच्या पायऱ्या आहेत. मात्र छापील मराठी पुस्तकातून उचललेला मजकूर यंत्राला अजून सहज पकडता येत नाही. तो जाणत्या मार्गदर्शकाच्याच लक्षात येतो.

एम.ए.नंतर प्राध्यापकीची वाट धरायची तर खुल्या प्रवर्गाला ५५ टक्के आणि राखीव प्रवर्गांना ५० टक्के गुण लागतात, आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा. महाराष्ट्र आणि गोव्यासाठीची सेट सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेते. दोन्ही परीक्षा पर्यायी प्रश्नांच्या, दीडशे प्रश्न आणि तीनशे गुण. त्यांतले शंभर प्रश्न इतिहासाचे. हडप्पा ते फाळणी असा सगळा पट त्यांत येतो, त्यामुळे दोन वर्षे एका तालुक्याच्या दुष्काळात बुडालेल्या विद्यार्थिनीला पुन्हा सनावळ्या पाठ कराव्या लागतात. पदवीने जे शिकवले त्याची ही परीक्षा नव्हे, पण नोकरीची चाळणी तीच आहे. ती पार केली तरी कायम जागा मिळेल याची खात्री नाही; अनेक जण वर्षानुवर्षे तासिका तत्त्वावर, ‘सीएचबी’वर, दोन-दोन महाविद्यालयांत धावत शिकवतात. शाळेत जायचे तर बी.एड. हवे. संग्रहालये, पुराभिलेखागारे, गॅझेटियर विभाग इथल्या जागा मोजक्या. वारसा-फेऱ्या, प्रकाशनसंस्था, मालिका-चित्रपटांसाठीचे संशोधन अशी नवी कामे शहरांत निघाली आहेत. मोडी वाचणाऱ्याला जुन्या जमिनीच्या कागदपत्रांसाठी कोर्टकचेऱ्यांतून आणि जातपडताळणीच्या पुराव्यांसाठी घराघरांतून मागणी असते. पुष्कळ मोडी वाचकांची चूल इतिहासापेक्षा त्यावरच जास्त पेटते.

संशोधनातच राहायचे असेल तर पीएच.डी. करायची; एम.फिल. आयोगाच्या २०२२ च्या नियमांनी बंद झाले. आता प्रवेश नेटच्या गुणांवर किंवा विद्यापीठाच्या स्वतःच्या चाचणीवर होतो. मग किमान बारा श्रेयांकांचा प्रशिक्षण अभ्यासक्रम, आराखडा, समितीपुढे सादरीकरण. मुदत किमान तीन वर्षे, कमाल सहा, त्यापुढे दोन वर्षांपर्यंत वाढ. स्त्रिया आणि दिव्यांग संशोधकांना आणखी सवलत. नेटमध्ये वर आलेल्यांना जेआरएफ ही अधिछात्रवृत्ती मिळते, २०२३ पासून महिना ३७,००० रुपये. ती हुकली तर भारतीय इतिहास संशोधन परिषद आणि राज्य शासनाच्या बार्टी, सारथी, महाज्योती या संस्था यांच्या अधिछात्रवृत्त्या आहेत. त्यांच्या जागा किती आणि पैसे कधी, यावर पुण्यामुंबईत आंदोलने होत असतात. मार्गदर्शक मिळणे हीही एक कसोटी. प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगीला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चारच विद्यार्थी घेता येतात, आणि ज्यांच्याकडे रांग असते त्यांच्याकडे ती लांबच लांब असते.

प्रबंध पुरा झाला की बाहेरच्या परीक्षकांकडे जातो, त्यांचे अहवाल अनुकूल आले की खुली मौखिक परीक्षा होते. सभागृहात विभागातले शिक्षक, पुढच्या तुकडीचे विद्यार्थी आणि बऱ्याचदा गावाहून आलेले आईवडील असतात. विचारणाऱ्याला कोणताही प्रश्न विचारता येतो. पदवी मिळाल्यावर प्रबंधाची प्रत विद्यापीठाच्या ग्रंथालयात जाते आणि संगणकीय प्रत ‘शोधगंगा’ या राष्ट्रीय संग्रहात चढवली जाते, जिथे ती कोणालाही फुकट उतरवून घेता येते. नव्याने विषय शोधणाऱ्या विद्यार्थ्याला मार्गदर्शक आता सर्वांत आधी तिथेच पाहून यायला सांगतात: त्या तालुक्यावर, त्या दुष्काळावर कोणी काम केलेले तर नाही ना.